गुरुवार, दोन ते चार

आमच्या घरात आठवड्याला दोन रविवार असायचे. एक माझा, शाळेचा, कॅलेंडरवर लाल अक्षरात छापलेला. आणि दुसरा अण्णांचा, जो गुरुवारी यायचा. वीज पुरत नाही म्हणून आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असे. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला हे सांगितलं की ती हसायची, म्हणायची तुमच्याकडे देवसुद्धा शिफ्टमध्ये येत असेल. गुरुवारी मी सकाळच्या शाळेतून साडेबाराला घरी यायची तोवर अण्णा देवळात गेलेले असत, आणि रविवारी मी घरी असले की ते कंपनीत. बाप आणि लेक एकाच छपराखाली राहून अख्खा दिवस म्हणून कधी भेटत नसत. परवा हे माझ्या सुनेला सांगत होते, तर तिला काही विशेष वाटलं नाही. ती सकाळी हिंजवडीला जाते, माझा मुलगा संध्याकाळी लॅपटॉप उघडून अमेरिकेशी बोलायला बसतो, आणि दोघांची गाठ जिन्यात पडते. म्हणाली, "आई, मग यात नवीन काय?"  मला असं विचारणारी माणसं थोडी आहेत.

तेव्हा निगडी म्हणजे रुंद रस्ते आणि त्यावर कोणी नाही, असा प्रकार होता. प्राधिकरणाने आखलेले चौक, आखलेले प्लॉट, मध्येच चार बैठी घरं, मग पुन्हा बाभळी. आमचं घर दोन खोल्यांचं. आईचं सगळं घड्याळ भोंग्यावर चाले. पहाटेच्या भोंग्याला तवा चढलेला असायचा, बस यायच्या आत अण्णांचा डबा बांधून तयार. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि जे काही असेल ते. आम्ही बीडकडचे. आईने येसराची, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी केली की शेजारच्या सावंतकाकू, रत्नागिरीच्या, वाटी घेऊन दारात उभ्या राहत आणि म्हणत, "तुमची ती जळजळीत आमटी द्या हो जरा," आणि बदल्यात सोलकढी देऊन जात. अण्णांनी कंपनीत राहून आपली भाषा पुणेरी घासूनपुसून घेतली होती. आईने काही घासलं नाही. ती "काय करायलीस" म्हणायची ते शेवटपर्यंत म्हणाली, आणि शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मला त्याची लाज वाटायची. आज लाज वाटल्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटायची हे खरं आहे.

अण्णा कंपनीच्या प्लॅनिंग खात्यात होते. कुठलं मशीन कुणाच्या हाती, किती वाजेपर्यंत, त्यानंतर कोण, याचे तक्ते करायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या खिशात दोन पेन्सिली असत, एक निळी, एक लाल. निळीने लिहायचं, लालने दुरुस्त करायचं. घरातसुद्धा दूधवाल्याचा, रेशनच्या रांगेचा, पाणी भरण्याचा तक्ता भिंतीवर लावलेला. आई त्याकडे ढुंकूनही बघत नसे, पण सगळं त्याच वेळी व्हायचं, कारण ते आईच करत होती.

आमच्या वसाहतीचं देऊळ म्हणजे एक पत्र्याची शेड. विठ्ठल-रखुमाई कुणीतरी हौसेने आणून बसवले होते. कमान आमच्या वेल्डरांनी जोडलेली, व्यासपीठ पॅकिंगच्या फळ्यांचं, आणि त्या फळ्यांवर उलट्या अक्षरात "वरची बाजू" असं लिहिलेलं होतं ते पुढची कित्येक वर्षं तसंच राहिलं. तिथे सगळे होते, सातारचे, लातूरचे, कोकणातले; आपापल्या गावचं देऊळ मागे टाकून आलेली माणसं. त्या वर्षी मंडळींच्या मनात आलं की आपणही सप्ताह बसवायचा. सात दिवस अखंड नाम. मृदंग होता, टाळ होते, पोथी वाचणारे होते. वीणा नव्हती. आणि सप्ताह म्हणजे आधी वीणा, मग बाकीचं.

वीणा होती ती निगडी गावठाणात, धोंडिबा आबांकडे. आबा मूळचे इथले. ज्या जमिनीवर आमची घरं उभी होती ती कधीकाळी त्यांच्या ज्वारीची होती. अण्णा आणि चार माणसं दबकतच त्यांच्याकडे गेली. आबांनी चहा पाजला, वीणा काढली, खांद्यावरच्या फडक्याने पुसली आणि दिली. एवढंच म्हणाले की सात दिवस हिचं अंग जमिनीला लागता कामा नये, तार थांबता कामा नये. लागलं, तर मी येऊन घेऊन जाईन आणि पुन्हा मागायला येऊ नका. आपली जमीन ज्यांच्यापायी गेली त्याच माणसांच्या हाती त्यांनी घराण्यातली वीणा दिली, हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली. तेव्हा मला फक्त त्यांच्या मिशा दिसल्या होत्या.

ज्यांनी सप्ताह पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वीणा गळ्यात घालून एकाने देवापुढे उभं राहायचं. बसायचं नाही, टेकायचं नाही, तारेवर बोट आणि तोंडाने "रामकृष्ण हरी" चालू. दोन तासांचा एकेक पहारा. पुढचा माणूस आला की तो हातपाय धुऊन येतो, वीणा ज्याच्या गळ्यात आहे त्याच्या पायावर डोकं ठेवतो, आणि मग वीणा आपल्या गळ्यात घेतो. समोरचा वयाने लहान असो, हुद्द्याने खाली असो, तुमचं त्याच्याशी भांडण असो. वीणा त्याच्या गळ्यात आहे ना, मग डोकं त्याच्या पायावर. याला सूट नाही.

चौऱ्याऐंशी पहारे, आणि माणसं तीन शिफ्टमध्ये वाटलेली. हे काम अण्णांखेरीज कोण करणार? त्यांनी मोठ्या आलेखाच्या कागदावर तक्ता केला, वर दिवस, बाजूला वेळा, प्रत्येक चौकटीत नाव. कच्चा त्यांनी करायचा आणि पक्का मी, कारण माझं अक्षर चांगलं. दहावीत होते, आणि अक्षराबद्दल मला बराच माज होता. त्या तक्त्यात एक गंमत होती. आमच्या ओळीतले सावंतकाका आणि जाधवकाका शेवग्याच्या झाडावरून दोन वर्षं बोलत नव्हते. झाड सावंतांचं, शेंगा पडायच्या जाधवांच्या अंगणात. अण्णांनी नेमके त्यांचे पहारे पाठोपाठ लावले. कुणी विचारलं तर म्हणत, शिफ्टच्या हिशेबाने तसंच बसतं, मी काय करू. मंगळवारी संध्याकाळी सगळी वसाहत पाहायला जमली. जाधवकाका आले, पाय धुतले, क्षणभर छताकडे बघितलं आणि सावंतकाकांच्या पायावर डोकं ठेवलं. सावंतकाकांचा "रामकृष्ण हरी" मधेच अडकला. रात्री जाधवांकडून शेंगांची जुडी सावंतांकडे गेली. अण्णा झोपेपर्यंत मिशीत हसत होते.

सगळ्या नावांत बाईचं नाव एकही नव्हतं. का नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि ती सगळी नावं लिहिणारी मीच होते. बायका मंडपामागे चुलीवर होत्या. पहाटे पोहे, दुपारी भाकरी-आमटी, संध्याकाळी खिचडी. आई पहाटेपासून तिथे. तिच्या हाताला पीठ नाही असं त्या आठवड्यात मी तिला पाहिलं नाही.

सप्ताह सोमवारी बसला. तिथीला कंपनीची सुट्टी कळत नाही, त्यामुळे गुरुवार मधोमध आला, आणि अण्णांनी गुरुवारचा सगळा दिवस सुट्टीवरच्या माणसांनी भरून टाकला होता. दुपारी दोन ते चार त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. मी ती चौकट सोमवारपासून रोज बघत होते. शाळेतून यायचं, जेवायचं, आणि दोन वाजता देवळात जाऊन अण्णांना वीणा गळ्यात घेऊन उभं राहिलेलं बघायचं, असं माझं ठरलेलं होतं. सबंध दोन तास ते कुठेही जाणार नव्हते. एका जागी उभा असलेला बाप मला हवा होता, त्यात भक्तीचा भाग फारसा नव्हता.

बुधवारी कंपनीच्या दारावर नोटीस लागली: उद्या कामाचा दिवस, सुट्टी रविवारी. विजेचं काहीतरी होतं. आजूबाजूच्या सगळ्याच कारखान्यांचं तसंच झालं. अण्णा घरी आले ते लाल पेन्सिल हातात घेऊनच. मला मात्र आनंदाने काही सुचेना, कारण रविवार! अण्णांची सुट्टी आणि माझी सुट्टी एकाच दिवशी, माझ्या जन्मात पहिल्यांदा. अण्णा जेवता जेवता बदल सांगत होते आणि मी बाजूच्या कागदावर टिपून घेत होते. दुसऱ्या शिफ्टची माणसं सकाळी, पहिल्या शिफ्टची चारनंतर. मधलं दोन ते चार अवघड. त्या वेळी दुसरी शिफ्ट बसमध्ये चढत असते आणि पहिली अजून आतच असते. वसाहतीत गडी माणूस म्हणून सापडत नाही. तिसरी शिफ्ट एकाच खात्याला होती आणि तिथले आमच्याकडचे दोघेच. एकाला ताप होता. अण्णांनी घास हातात धरून विचार केला आणि म्हणाले, "तिथे मोरे लिही. रात्रपाळी करून आले तरी दोनपर्यंत झोप होते त्यांची." मी टिपून घेतलं. मग समोर जुना तक्ता ठेवून नवा पक्का करायला बसले, डोक्यात रविवार, आणि इतके दिवस पाठ झालेली ती चौकट आली तेव्हा माझ्या हाताने तिथे अण्णांचंच नाव लिहिलं. अण्णा एरवी प्रत्येक कागद दोनदा तपासत. त्या दिवशी भजनाची वेळ झाली होती. त्यांनी कागद उचलला, म्हणाले मंदाने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, आणि देवळाच्या खांबाला चिकटवून आले.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं, पोरांना एका आकड्याच्या चुकीसाठी उभं केलं, पण ही चूक पोटातच ठेवली.

गुरुवारी दुपारी मी देवळात पोचले तेव्हा शिंदेकाका वीणा घेऊन उभे होते. शिंदेकाका म्हणजे विशी-बाविशीचा पोरगा. कंपनीत नुकता लागलेला, अजून कायम व्हायचा होता. त्याचा पहारा बारा ते दोन, मग अडीचची बस, दुसरी शिफ्ट. दोन वाजले. कोणी आलं नाही. दोन-पाच झाले. शिंदेकाका "रामकृष्ण हरी" म्हणत होते आणि डोळ्यांनी खांबावरचा तक्ता दाखवत होते. मी खांबापाशी गेले, आणि माझंच अक्षर मला दिसलं. गुरुवार, दोन ते चार, आणि पुढे अण्णांचं नाव.  अण्णा सकाळच्या बसने कंपनीत गेलेले होते.

मी धावले. मोरेकाकांच्या दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, तक्त्यावर नाव नाही बघून ते झोप झाल्यावर देहूरोडला बहिणीकडे गेले. तापाने पडलेले काका उठून बसले आणि पुन्हा आडवे झाले. सावंत पहिल्या शिफ्टला, जाधव पहिल्या शिफ्टला. वाण्याच्या दुकानात त्याची बायको बसलेली. तो माल आणायला चिंचवडला. घरामागून घर, दारात बायका, आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच, हे कामावर गेलेत. परत आले तेव्हा कोपऱ्यावर दुसऱ्या शिफ्टची माणसं डबे घेऊन उभी होती. त्यांच्यातला कोणी आला असता, तर त्याचा खाडा पडला असता. ते सगळे माझ्याकडे बघत होते आणि मग जमिनीकडे. शिंदेकाकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. बस चुकली की कायम होणं चुकलं, आणि घरी गावाकडे म्हातारी आई याच नोकरीच्या मनिऑर्डरवर. वीणा खाली ठेवली, तर आबांचा शब्द आणि चार दिवसांचं सगळ्यांचं उभं राहणं मातीत. बायका मंडपात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी रडायलाच लागले.

मागून आई आली. पदराला हात पुसत. तिने माझ्याकडे बघितलं, तक्त्याकडे नाही. तिला वाचायला वेळ लागायचा. "काय हुडकायलीस मंदे? कुणी न्हाई इथं," असं म्हणाली आणि सरळ नळावर गेली. हातपाय धुतले, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला. सावंतकाकूंनी तिचा दंड धरला, म्हणाल्या वहिनी, आबा काय म्हणतील?

"आबाला जे म्हणायचं ते मला म्हणतील," आई म्हणाली. "ह्या लेकराची नोकरी गेली, तर ह्याच्या मायला कोण काय सांगणार?"

तिने शिंदेकाकांच्या पायावर डोकं ठेवलं. तो तिच्या मुलाच्या वयाचा. तो "वहिनी, वहिनी" करत मागे सरला, पण नियम तो नियम. वीणा आईच्या गळ्यात आली, तार एक क्षणही थांबली नाही, आणि शिंदेकाका चप्पल हातात घेऊन कोपऱ्याकडे धावले. बसचा हॉर्न वाजला. माणसांनी त्यांना आत ओढून घेतलेलं मी पाहिलं.

मग सगळ्यांना भान आलं की हे आबांना कळवलं पाहिजे, आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपल्याकडून कळलेलं बरं. पाठवलं मला. आबा शिवारात होते, उरल्यासुरल्या तुकड्यात, पाणी देत. मी पळत गेले, धापा टाकत जमेल तसं सांगितलं: माणूस नाही, बस, शिंदेकाका, आई. आबांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचं दार माती लोटून बंद केलं आणि विचारलं, "खाली टेकली का?"

"नाही."

"मंग पळतीस कशापायी? चल."

एवढंच.  त्यांचे गुडघे धरलेले होते, ते सावकाश चालत आणि मी त्यांच्या मागे. ते वीणा काढून घेणार, आईला चारचौघांत बोलणार, आणि हे सगळं माझ्यामुळे, असं मी मनात घोळवत होते. आबांना तेव्हाच सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा मी नुसती मागे चालत राहिले.

मंडपात पोचलो तर आतून आवाज येत होता. आईचा. आई कधी मोठ्याने गात नसे. जात्यावर, पाळण्यापाशी, ओठातल्या ओठात काय असेल ते. आता ती उभी होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि "रामकृष्ण हरी" म्हणताना तिचा हेल सरळ बीडला जात होता. त्याच हेलात बायका मागून म्हणत होत्या, रत्नागिरीच्या सावंतकाकूसुद्धा. चुलीवरची आमटी कुणीतरी उतरवून ठेवली होती. आबांना बघून बायकांचा आवाज खाली आला, आईचा आला नाही. तिने त्यांना पाहिलं. तिचं बोट तारेवरच होतं.

आबांनी पाय धुतले. समोर येऊन उभे राहिले. गुडघे वाकत नव्हते म्हणून त्यांनी आईला लांबूनच हात जोडले, आणि मग वळून सगळ्यांना म्हणाले, "आवाज का पडला? म्हना की."

सावंतकाकूंनी चाचरत विचारलं, बाईने घेतलेली चालते का.

"म्या कवा बोललो न्हाई चालत म्हून?" आबा म्हणाले. "पेरनीच्या टायमाला गावातले समदे गडी रानात. तवा हीच ईना घिऊन माझी आय उभी ऱ्हायची. तुमास्नी लिवता येतंया, म्हून नेम बी तुमीच लिवले व्हय?"

आणि खांबाला पाठ टेकून बसले, टाळ ओढून घेतले. माझ्या आयुष्यात देवाचा म्हणून जो काही पुरावा मला मिळाला तो एवढाच आहे, आणि मला तो पुरला. ज्याच्याकडे नाही म्हणायला सगळी कारणं होती तो माणूस खाली बसला आणि टाळ वाजवू लागला. त्याचे उपकार मी कसे फेडणार?

चार वाजून गेल्यावर पहिल्या शिफ्टची बस आली. अण्णा उतरले, त्यांच्यामागे जाधवकाका, सावंतकाका. देवळाशी एवढी गर्दी का, म्हणून ते झपाझप आले आणि मंडपाच्या तोंडाशी थबकले. समोर आई. अण्णांनी आईकडे पाहिलं, मग खांबाला टेकलेल्या आबांकडे, मग तक्त्याकडे. तक्त्यापाशी ते जाऊन उभे राहिले आणि बोट ठेवून ती चौकट वाचली. मी मंडपाच्या कोपऱ्यात, भिंतीत शिरता आलं असतं तर शिरले असते.

अण्णा घरात कडक. आई त्यांच्या आधी कधी जेवली नाही, आणि त्यांनी तिला कधी नावाने हाक मारली नाही. "अगं ए" नाहीतर "मंदाची आई". आता पुढचा पहारा कुणीतरी घ्यायला हवा होता, आणि घेणाऱ्याने काय करायचं असतं हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत होतं. सगळे अण्णांकडे बघत होते. जाधवकाका भला माणूस. त्यांनी पटकन पुढे होऊन अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, दमून आलाय तुम्ही, घरी जा, मी घेतो की वीणा.

"नको," अण्णा म्हणाले. "दोनच्या चौकटीत माझं नाव आहे. तो पहारा अजून माझ्याकडे राहिलाय."

ते नळावर गेले, हातपाय धुतले, टोपी काढून खिशात ठेवली. आईपुढे येऊन उभे राहिले. आईने मान हलवली, नको, नको; तोंडाने नाम चालू होतं म्हणून तिला धड बोलताही येईना. शेवटी दोन नामांच्या मधल्या श्वासात ती कुजबुजली, "अहो, लोक बघायलेत."

"बघंनात की," अण्णा म्हणाले. आज विचार करते तेव्हा वाटतं, "बघायलेत"ला त्यांच्या तोंडून "बघू देत" असं पुणेरी यायला हवं होतं. पण त्या दिवशी त्यांचा आवाज गावाकडचा झाला होता. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आईच्या पायावर कपाळ ठेवलं. नुसतं लावून उचललं नाही, ठेवलं. आईचे पाय राखेने आणि पिठाने पांढरे, टाचांना भेगा. अण्णा उठले तेव्हा त्यांच्या कपाळाला पीठ लागलेलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. तसेच ते सहापर्यंत उभे राहिले, माझ्यासमोर, एका जागी, आणि मी माझ्या ठरवलेल्या गोष्टीतलं काही पाहिलं नाही, कारण मला डोळ्यांतल्या पाण्यातून काही दिसतच नव्हतं.

शिंदेकाका पुढे कायम झाले, सुपरवायझर झाले, निवृत्त होऊन गावी गेले. आई गेली तेव्हा पहाटेच्या एसटीने आले होते. सप्ताह अजून होतो. देऊळ आता संगमरवरी, बाजूला सात मजली इमारती, आणि पहाऱ्यांचा तक्ता व्हॉट्सॲपवर येतो. त्यात बायका, पुरुष, मारुंजीहून भाड्याच्या खोलीतून येणारी आयटीतली पोरंपोरी, सगळ्यांची नावं असतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. माझ्या सुनेने यंदा सकाळचा आठ ते दहा घेतला, दहाला मीटिंग होती. तिच्यानंतर मी होते. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तीही "आई, आई" करत मागे सरली. मी म्हटलं, सरळ उभी राहा, नियम तो नियम.

पण मला सांगायची आहे ती त्या गुरुवारची संध्याकाळ. घरी आल्यावर आईचे हात खांद्याच्या वर जाईनात. भाकरी थापायची म्हटलं तर बोटं वळेनात. अण्णांनी तिला पाटावर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पिठलं केलं, सगळं गुठळ्यांचं. आई एकेक गुठळी फोडत खात होती आणि म्हणत होती, लै झ्याक झालंय. तिला खोटं बोलता यायचं नाही, पण त्या दिवशी आलं. मी ताटावर बसून राहिले. मोरेकाका देहूरोडहून परतले होते आणि दारात उभं राहून सांगून गेले होते की तक्त्यावर त्यांचं नाव नव्हतं. अण्णा त्यांना म्हणाले होते, माझंच चुकलं, घाईत राहून गेलं. मी ते आतून ऐकलं होतं. आई हात धुवायला मोरीत गेली तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, तो तक्ता..."

अण्णा उठले. खांबावरचा कागद त्यांनी काढून आणलेला होता, तो त्यांनी जमिनीवर पसरला आणि लाल पेन्सिल काढली. गुरुवार, दोन ते चार. माझ्या सुंदर अक्षरातल्या आपल्या नावावर त्यांनी एक सरळ रेघ मारली. वर लिहायला पेन्सिल टेकवली आणि थांबले. जे नाव त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं ते लिहायलाही त्यांना वेळ लागला. मग एकेक अक्षर लिहिलं. गोदावरी. कागद माझ्याकडे सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही, आवाजही चढवला नाही.

"पुन्हा पक्का कर," म्हणाले. "नीट बघून."

मी निळी पेन्सिल घेतली आणि नीट बघून लिहिलं.